उसन्या नंबराची जीप

मी धामापूरच्या तिठ्यावरची जीप बोलतेय. कोल्हापूरहून येणारी एसटी मालवणकडे वळते, तिथे उजव्या हाताला काजूच्या झाडाखाली माडाच्या झापांनी शाकारलेला एक मांगर आहे. त्यात मी उभी आहे. उभी म्हणजे पुढची दोन चाकं जमिनीवर आहेत. मागे चाकांच्या जागी जांभ्याचे चिरे लावलेत.

येणारे-जाणारे मला अजून ‘भिकाजीची लढाईतली गाडी’ म्हणतात. मी लढाई पाहिलेली नाही. इतकी वर्षं हे कुणाला सांगता आलं नाही, म्हणून आज सांगते.

१९४२ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यात मी तयार झाले. सुटे भाग करून मला लाकडी खोक्यांत भरलं आणि मुंबई बंदरात उतरवलं. माझ्याबरोबर जोडल्या गेलेल्या पुष्कळ जणी आसामकडे, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेल्या. माझ्या वाट्याला आलं पुण्याजवळच्या एका लष्करी इस्पितळाचं स्वयंपाकघर. युद्ध संपेपर्यंत मी कांदे, बटाटे आणि कोबीची पोती वाहिली. एकदाच काय ती जखमी झाले. एका म्हशीने माझा दिवा फोडला होता.

युद्ध संपलं आणि माझी गरजही संपली. आम्हा दीडदोनशे गाड्यांना एका उघड्या माळावर रांगेने उभं केलं. तिथे मी सहा पावसाळे काढले. कुणी माझी बॅटरी नेली, कुणी शिटा नेल्या. इंजिनात पाणी शिरून पिस्टन जागच्या जागी जाम झाले. माझ्या पेट्रोलच्या टाकीत एका सापाने कात टाकली होती.

१९५२ सालच्या उन्हाळ्यात डिस्पोजलचा लिलाव झाला, तेव्हा भिकाजी परब तिथे आला. पस्तिशीचा, काटक, लष्करातला जुना खाकी कोट अंगात. इतर गिऱ्हाइकं गाड्यांची इंजिनं आणि टायर बघत होती. हा माणूस प्रत्येक गाडीपुढे थांबून बॉनेटवरचा नंबर वाचत होता. पहिली रांग झाली, दुसरी झाली. शेवटची रांग संपल्यावर तो पुन्हा पहिल्या रांगेशी गेला.

“काय शोधताय?” डेपोतल्या कारकुनाने विचारलं.

“एक नंबर होता, साहेब. इंफाळकडची गाडी.”

“तिकडच्या गाड्या तिकडेच राहिल्या. घ्यायची तर यातली एखादी घ्या.”

तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग माझ्यापाशी येऊन खाली झोपला आणि हातोडीने माझी चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. “सरळ आसा,” तो स्वतःशीच म्हणाला. अशी मी त्याची झाले. कागदावर माझी सगळी हकीकत होती, इस्पितळाच्या भाजीसकट. तो कागद त्याने घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

फोंडाघाटच्या बाजारापर्यंत मी लॉरीवर आले. पुढे दोन बैलजोड्यांनी मला ओढत नेलं. वाटेत माणसं हसत होती. ओढून न्यायची गाडी विकत घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मला पुन्हा उभं करायला भिकाजीला दीड वर्ष लागलं. मांगर त्याने तिठ्यावरच घातला, कारण खाली वाडीत त्याच्या घरापर्यंत बैलगाडीसुद्धा उतरत नव्हती. सकाळी शेतात, दुपारी माझ्याकडे, असा त्याचा नेम होता. जाम झालेल्या पिस्टनांवर तो रोज रॉकेल ओतायचा आणि हँडल घालून जोर लावायचा. एकोणिसाव्या दिवशी मी केसभर हलले. त्या वेळी त्याने मारलेली हाक ऐकून त्याची बायको चंद्रावती पदर खोचत धावत आली. तिला वाटलं, हात चिरडला.

बाबली लोहाराने माझ्या स्प्रिंगांचे तुटलेले पाटे नव्याने घडवले. मालवणात शिडं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने शिडाच्याच कापडाचं छत शिवून दिलं. शिटांत नारळाचा काथ्या भरला. खाऱ्या वाऱ्याने तळ खाऊ नये म्हणून होड्यांना लावतात तसं मोरी माशाच्या काळजाचं तेल भिकाजीने मला खालून चोपडलं. त्या वासाने गावची कुत्री महिनाभर माझ्याभोवती फिरत होती.

एकच गोष्ट त्याला साधली नाही. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गिअरचे चार दाते तुटले होते. नवा गिअर कुठेच मिळेना. शेवटी कोल्हापूरच्या एका कारागिराकडून त्यावर लोखंड चढवून आणलं आणि भिकाजीने कानस घेऊन दाते हाताने घासले. सपाटीवर तो गिअर चालायचा. मोठा ताण आला की सुटायचा. हे त्याला ठाऊक होतं आणि मला.

रंग देऊन झाल्यावर एका दुपारी तो पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आला. कसलाही कागद समोर न धरता त्याने माझ्या बॉनेटवर एक नंबर काढला. तो माझा नव्हता. पुण्याच्या माळावर रांगेरांगेतून जो शोधत फिरला, तो.

“ह्याच गाडयेर होतास तुमी?” चंद्रावतीने विचारलं.

तो ब्रश धूत राहिला. तिने ते होय असं धरलं, आणि तिच्याकडून वाडीने.

आता हौसाबाईचं सांगितलं पाहिजे. ती त्याच वाडीतली विधवा. तिला दोनच मुलं, सत्यवान आणि सत्यवती. सत्यवान मराठा पलटणीत होता, आणि त्याच इंफाळच्या आघाडीवर भिकाजी जिपेतून जखमी वाहून नेणारा ड्रायव्हर. १९४४ साली सत्यवान बेपत्ता असल्याची तार आली. दोन वर्षं हौसाबाईने ना सुतकाचं काही केलं ना पिंडाचं. नुसती दारात बसून राहिली. भिकाजी लढाईवरून आला तेव्हा त्याने तिला सांगितलं, की सत्यवान माझ्या गाडीत, माझ्या मांडीवर गेला. पाणी प्यायला आणि ‘आये’ म्हणाला. त्या दिवशी ती रडली. मुलाचं सगळं रीतीने केलं, आणि हळूहळू माणसांत आली.

मी चालू झाले त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती तिठ्यावर आली. लहानखुरी, पाठीत वाकलेली, हातात दोन जास्वंदी. तिने नंबरावरून बोटं फिरवली. मग मागच्या शिटेशी गेली.

“हंयच बसलेलो ना रे माजो झिल?”

भिकाजीचा हात माझ्या स्टिअरिंगवर होता. तो त्याने काढून घेतला.

“होय, काकी. हंयच.”

तिने फुलं शिटेवर ठेवली, आणि पदराने ती शीट पुसली. माझी काथ्याची शीट, जिच्यावर तोवर कुणीच बसलं नव्हतं.

पुढची तीन-चार वर्षं माझी चांगली गेली. पंचक्रोशीत दुसरी गाडी नव्हती. साप चावलेले, माडावरून पडलेले, तापाने फणफणलेले, सगळे माझ्यातून मालवणच्या दवाखान्यात गेले. भिकाजीने कुणाला कधी नाही म्हटलं नाही. पानावरून उठून यायचा. पण मी एक पाहत होते. जखमी माणूस मागे ठेवला, की तो निघण्याआधी दोनदा मागे वळून बघायचा. आणि हौसाबाई दर सोमवारी येऊन ती शीट पुसायची, तेव्हा तो मांगराच्या मागे जाऊन उभा राहायचा.

१९५७ च्या आषाढात सत्यवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर मिठबावला. तिचा नवरा बाळा तिकडेच, कलमांच्या बागेत. दीड दिवस कळा देऊनही ती मोकळी होईना. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट फाडावं लागेल, कोल्हापूरला न्या. उजाडता उजाडता आम्ही निघालो. भिकाजी, मागे आडवी सत्यवती आणि तिचं डोकं मांडीवर घेतलेली हौसाबाई.

फोंडाघाट चढायला लागलो तेव्हा दहा वाजले होते. पाऊस असा की काचेपुढे कापड धरल्यासारखा. अर्ध्या घाटात दरडीची माती रस्त्यावर आली होती. भिकाजीने पुढच्या चाकांची ओढ लावली. मी जीव काढून चढत होते. वळणावर तो घासलेला गिअर सुटला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि मी कड्याच्या बाजूला सरकू लागले. भिकाजीने ब्रेक दाबून धरला.

“मी उतरतंय,” हौसाबाई म्हणाली. “चाकाखाली धोंडे लावतंय. गाडी सुटली की थांबू नको. वर जावनच थांब.”

तिचं बरोबर होतं. मी एकदा सुटले असते तर त्या चढावर पुन्हा थांबणं शक्य नव्हतं. थांबले असते तर मागे घसरून कड्यावरून गेले असते. तिने कमरेला गुंडाळलेलं जास्तीचं लुगडं सोडून सत्यवतीला शिटेच्या दांडीला बांधलं. मग चिखलात उतरली आणि दोन्ही हातांनी धोंडे गोळा करू लागली.

भिकाजी जागचा हलेना.

“अरे चल!”

“नाय काकी. तुका हंय ठेवन मी जावचंय नाय.”

“येडो झालंस? चेडू मरात माजा!”

“सत्यवानाक असोच ठेवन गेलंय मी.”

पावसात ते तिला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण तिच्या हातातला धोंडा तसाच राहिला.

“तो माज्या मांडयेर मेलो नाय, काकी. गाडी चिखलात रुतलेली. मागे दोगे स्ट्रेचरवर. साहेबान सांगल्यान, जो बसाक शकता तेका उतरव. सत्यवान बसाक शकत होतो. पायाक गोळी लागलेली. मी तेका झाडाखाली बसवलंय. सांगलंय, तासाभरात येतंय. परत इलंय तेवा थंय कोण नव्हतो.”

सत्यवती मागे कण्हली. हौसाबाईने धोंडा चाकाखाली सारला, पायाने घट्ट केला, आणि दुसऱ्या चाकाकडे गेली.

“ता मगे,” ती म्हणाली. “आदी हिका पोचव.”

मी सुटले. भिकाजीने मागे पाहिलं नाही. त्याला पाहता आलं नसतं. घाटमाथ्यावर चौकीपाशी कोल्हापूरला निघालेली एक लॉरी उभी होती. चौकीदाराची बायको सत्यवतीबरोबर लॉरीत बसली, लॉरी गेली, आणि भिकाजीने मला उतारावर अशी सोडली, की त्या दिवशी आम्ही दोघं कशी वाचलो ते मला माहीत नाही.

हौसाबाई तिथेच होती. दरडीच्या कडेला एका दगडावर, डोक्यावर पदर ओढून. भिकाजी धावत गेला आणि तिच्यापुढे चिखलात बसला. तिला धडधाकट बघून तो लहान मुलासारखा रडत होता. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती विचार करत होती.

“पाणी दिलेलंस तेका?”

“बाटली ठेवन गेलंय, काकी. अर्धी होती.”

“परत इलंस तेवा बाटली थंय होती?”

भिकाजी आठवू लागला. “नाय,” तो म्हणाला. “बाटली नव्हती.”

हौसाबाई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून भिकाजीचं रडणं थांबलं.

“मगे उठान गेलो असतलो तो,” ती म्हणाली. “बाटली घेवन.”

तिने लावलेल्या धोंड्यांवरून मी या वेळी हलकी होऊन चढले, आणि कोल्हापूरपर्यंत ती पुढे बसली. मागच्या शिटेला तिने पुन्हा कधी हात लावला नाही.

सत्यवती वाचली. मुलगाही वाचला. इस्पितळात हौसाबाईने नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “मामा येतलो हां तुजो.” सत्यवतीने घाबरून भिकाजीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. हे मला नंतर कळलं, चंद्रावतीला तो मांगरात सांगत होता तेव्हा.

“अकरा वर्सा गिळलास,” चंद्रावती म्हणाली, “आणि थोडी वर्सा गिळूक काय झाला होता? म्हातारी शांत होती ती.”

“तिका चिखलात उभी बगलंय,” भिकाजी म्हणाला, “आणि तोंडातना भायर पडला.”

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याचा तुकडा घेऊन माझ्या बॉनेटवरचा नंबर खरवडून काढला. लोखंड दिसेपर्यंत खरवडलं.

भाद्रपदात पितरांचे म्हाळ आले. सत्यवानाच्या नावाचं पान हौसाबाई दर वर्षी वाढायची. त्या वर्षी वाढलं नाही. भावकीतल्या बायकांनी टोकलं तेव्हा म्हणाली, “जित्या माणसाचा पान वाडूचा नसता.” आणि त्याच आठवड्यापासून ती दुपारी चारच्या एसटीला तिठ्यावर येऊ लागली. कोल्हापूरची गाडी यायची, ती उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे बघायची, गाडी गेली की घरी जायची. तेरा वर्षांत माणूस बदलतो, म्हणून ती फार निरखून बघायची.

भिकाजीने लष्कराच्या दप्तराला पत्र घातलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. ते वाचून दाखवायला पोस्टमास्तर स्वतः तिठ्यावर आले.

“बेपत्ता, असं लिहिलंय. मृत समजण्यात आलं आहे.”

“समजण्यात म्हणजे काय, मास्तर?” हौसाबाईने विचारलं.

“म्हणजे... तसं धरून चाललेत, बाई.”

“धरून चल्लेत,” ती भिकाजीकडे वळून म्हणाली. “बगूक नाय कोणी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भिकाजीला बरं वाटलं असतं. उलट ती त्याच्याशी पूर्वीपेक्षा मायेने वागायची. फणसाचे गरे आणून द्यायची. म्हणायची, तू सांगलंस म्हणान माका कळला. ते ऐकलं की भिकाजी त्या दिवशी जेवायचा नाही.

मला चालवणं त्याने हळूहळू सोडलं. कुणी आजारी असलं की यायचा, हँडल मारायचा, पण पहिली धमक गेली होती. दोन-तीन वर्षांत तिठ्यावरून एसटी वाढल्या, मालवणात एक भाड्याची मोटार आली, आणि मला कुणी बोलवेनासं झालं. शिडाचं छत कुजलं. मोरीचं तेल कुणी चोपडलं नाही तेव्हा खाऱ्या वाऱ्याने माझा तळ खायला सुरुवात केली. पायाखालच्या पत्र्याला भोकं पडून त्यातून तेरडा वर आला.

गेल्या वर्षी घाटावरचा एक लाकडाचा ठेकेदार आला. लष्करातल्या जुन्या गाड्या घेऊन तो पुन्हा उभ्या करतो आणि जंगलात वापरतो. माझ्याभोवती फिरून त्याने विचारलं, “लढाईतली ना?”

“नाही,” भिकाजी म्हणाला. “पुण्यात भाजी वाहत होती.” आणि कोटाच्या खिशातला तो कागद काढून दाखवला. घड्यांवर फाटलेला.

ठेकेदार हसला. भाजीवाली असो की लढाईवाली, त्याला फरक नव्हता. चासी कुजली आहे, म्हणाला, पण मागचा अ‍ॅक्सल चांगला आहे. दुसऱ्या एकीला लागेल. भिकाजीने तो स्वतःच्या हातांनी सोडवून दिला. एकेक नट रॉकेलने भिजवून, सावकाश, पूर्वी जोडला होता तसाच. म्हणून माझ्यामागे हे चिरे आहेत. मला त्याचं दुःख नाही. माझा एवढा भाग तरी कुठेतरी घाट चढत असेल.

हौसाबाई त्याआधीच, १९६४ च्या माघात गेली. शेवटचे आठ दिवस तिला उठवत नव्हतं. भिकाजीला बोलावून तिने काय विचारलं, ते त्याने माझ्याच शिटेवर बसून चंद्रावतीला सांगितलं. ती म्हणाली होती, “तो येतलो आणि तिठ्यार कोण नसतला. तू जातलंस?”

“आणि तुमी काय सांगलास?” चंद्रावतीने विचारलं.

“जातलंय, म्हटलंय.”

चंद्रावती म्हणाली, “कोण येवचो नाय, ता तुमका ठावक आसा.”

“होय,” भिकाजी म्हणाला. “माका ठावक आसा.”

त्याला तीन वर्षं झाली. आता मी फार दिवसांची नाही. पुढच्या पावसात मांगराच्या छपराचा आढा बसेल, तो माझ्यावरच बसेल. माझं काही मागणं नाही. पुन्हा उभी करा असंही मी म्हणत नाही. एकदा उभी राहून पाहिलं आहे.

पण तुम्ही कधी चारच्या गाडीने या वाटेला आलात, तर धामापूरच्या तिठ्यावर पन्नाशीचा एक माणूस तुमच्या तोंडाकडे निरखून बघेल. त्याला चुकवून जाऊ नका. मी शेवटचा, मागे गाडीत आणखी कुणी नाही, एवढं त्याला सांगा. कुणी तसं सांगितल्याशिवाय तो घराकडे वळत नाही, आणि खाली वाडीत चंद्रावती चुलीवरचा चहा दुसऱ्यांदा ऊन करत असते.